दिवंगतांचा शब्द राखणारे केळुसकर सर

ॲडव्होकेट वामनराव केळुसकर यांना मी पहिल्यांदा पाहिले, ते माझे वडील गेले त्या आठवड्यात. आम्ही परळ सोडून मीरा रोडला राहायला आल्याला फार काळ झाला नव्हता. वडील ऑफिसातून आले, चहा घेतला आणि खुर्चीतच गेले. मी तेव्हा लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मृत्यूनंतर घरात काय काय करावे लागते, हे मात्र मला काहीच ठाऊक नव्हते. गावाहून आलेल्या काकांनी एक टाइप केलेला कागद आईपुढे ठेवला होता. "सही कर, म्हणजे पुढचं सगळं मी बघतो," असे ते म्हणत होते. शेजारच्या बाईंनी आम्हाला हळूच सांगितले, "स्टेशनजवळ केळुसकर वकील आहेत. आधी त्यांना दाखवा."

स्टेशनरीच्या दुकानामागे अर्धा गाळा, त्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि पुस्तकांचे एक कपाट. सरांनी कागद शांतपणे वाचला. ते हक्कसोडपत्र होते. आईने सही केली असती, तर गावच्या घरावरचा वडिलांचा हिस्सा तिथल्या तिथे सुटला असता. सरांनी काकांविरुद्ध एक शब्द काढला नाही. आईला एवढेच विचारले, "वहिनी, तुम्ही चष्मा लावता का?"

"वाचायला लावते."

"मग दिवसकार्य होईपर्यंत तो चष्मा सापडत नाही, असं भावजींना सांगा. चष्म्याशिवाय सही कशी करणार?"

वडील गेल्यापासून आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिथेच रडू लागली. सर उठून दुकानात गेले. तिचे रडणे संपेपर्यंत परत आले नाहीत. पुढे त्यांनी काकांनाही बोलावून घेतले, चहा दिला, कायदा समजावला. हिस्सा आमच्याकडे राहिला आणि काकांचे येणे-जाणेही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. त्या नेहमी साधत नाहीत, हे पाहण्याची वेळ पुढे सरांच्याच घरात आली.

पदवी हाती आल्यावर मी त्यांच्याकडेच ज्युनिअर म्हणून रुजू झाले. सर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. लालबागच्या चाळीत वाढले, दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गांत वकील झाले. बांधकामाचे, चेक परत गेल्याचे दावे सोडून त्यांनी मृत्युपत्रे आणि वारसांची कामे धरली. मीरा रोडला ती कामे अमाप होती. मुंबईतली खोली विकून लोक इथे फ्लॅट घेत, आणि फ्लॅटचे हप्ते फिटतात न फिटतात तोच घरातला कर्ता जाई. मग सोसायटीचे सेक्रेटरी म्हणत, नॉमिनीच मालक. सर त्यांना न कंटाळता सांगत, "साहेब, नॉमिनी म्हणजे राखणदार. शेताचा राखणदार शेताचा मालक होतो का?"

मृत्युपत्र करणारा माणूस आपल्या पश्चात त्याची अंमलबजावणी करायला एकाला नेमतो. त्याला आपण सगळेच एक्झिक्युटर म्हणतो. मयताची मालमत्ता ताब्यात घ्यायची, तिची काळजी घ्यायची, देणी भागवायची आणि उरलेले ज्याचे त्याला सुपूर्द करायचे, हे त्याचे काम. सरांना पुष्कळांनी एक्झिक्युटर नेमले. सर मात्र शक्य तेवढे टाळत. नया नगरमधले एक वृद्ध शिंपी त्यांच्या मागेच लागले होते; एक्झिक्युटरला ते 'वसी' म्हणत. "वकीलसाब, आप ही हमारे वसी बनो. बेटे तो आपस में लड़ते हैं."

"चाचा, दुकान के गल्ले पे कौन बैठता है?"

"बेटी."

"फिर उसी को बनाओ."

"लड़की को?"

"कानून में मना नहीं है. और दोनों भाई डरते किससे हैं, ये भी सोचो."

चाचा मान हलवत हसले. त्यांच्यामागे त्या मुलीने सगळे काम चोख पार पाडले. दोन्ही भाऊ आजही तिच्या शब्दाबाहेर नाहीत.

ज्या थोड्या वेळा सरांनी ही जबाबदारी घेतली, तेव्हा ती कशी निभावली याची एकच आठवण सांगते. एका निवृत्त शिक्षिकेच्या बंद घरातल्या वस्तूंची नोंद करायला आम्ही गेलो होतो. मे महिना, खिडक्या बंद, अंगाची लाही होत होती. मी पंखा लावायला उठले. सर म्हणाले, "नको. विजेचं बिल बाईंच्या नावावर येईल." मला वाटले, गंमत करताहेत. पण आम्ही पूर्ण दुपार तसेच घामाघूम काम केले. पाणीही त्यांनी घरून बाटलीत भरून आणले होते. निघताना म्हणाले, "नीलिमा, जिवंत माणूस आपल्याला विचारू शकतो, पंखा का लावलास म्हणून. मेलेलं माणूस विचारू शकत नाही. म्हणून जास्त जपायचं."

हे जपणे त्यांना किती जड गेले, ते आता सांगते. सरांच्या या गौरवग्रंथात इतरांनी त्यांच्या विद्वत्तेवर लिहिलेच असेल. मला जी गोष्ट ठाऊक आहे ती दुःखाची आहे. पण ती वगळून केलेला सरांचा गौरव मला अपुरा वाटला असता.

बाळकृष्ण साळवी हे सरांचे चाळीतल्या दिवसांपासूनचे मित्र. दोघांनी मीरा रोडला एकाच वेळी घरे घेतली. सरांची एकुलती मुलगी मेधा आणि साळवीकाकांचा थोरला मुलगा प्रकाश लहानपणापासून एकत्र वाढले आणि त्यांनी लग्न केले, तेव्हा दोन्ही घरांना केवढा आनंद झाला होता, हे काकू, म्हणजे सरांच्या पत्नी विमलताई, नेहमी सांगत. प्रकाश आणि मेधा बोरिवलीला स्वतःच्या घरात राहू लागले. साळवीकाकांजवळ राहिला धाकटा संजय आणि त्याची बायको सुजाता. संजय लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीने गेला. पदरात लहान मुलगी असलेली सुजाता माहेरी माणगावला परत गेली नाही. सासूचे आजारपण तिने काढले, सासू गेल्यावर सासऱ्यांचेही काढले. नोकरी सांभाळून काढले.

साळवीकाकांनी ठरवले की राहता फ्लॅट सुजाताच्या नावे करायचा. फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या कमाईचा होता, त्यांना तो हक्क होता. मृत्युपत्र केले नसते तर निम्मा हिस्सा प्रकाशचा आणि निम्मा सुजाता व तिच्या मुलीचा झाला असता. पण एका खोलीचे आणि स्वयंपाकघराचे निम्मे कसे करणार? फ्लॅट विकावा लागला असता, आणि सुजाताचे छप्पर गेले असते.

एका सकाळी साळवीकाका आमच्या ऑफिसात आले. चालायलाही त्रास होत होता. खुर्चीत बसून म्हणाले, "वामन्या, एक्झिक्युटर तू व्हायचंस."

"बाळ्या, वेड लागलंय का तुला? प्रकाश माझा जावई आहे. मेधाचं नुकसान मी माझ्या हाताने करू?"

"म्हणूनच तू. परक्याने केलं तर प्रकाश जन्मभर म्हणत राहील, कुणीतरी म्हाताऱ्याला फसवलं. तुझ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. यात तुझं नुकसानच आहे."

"आणि माझ्या लेकीने काय म्हणायचं?"

काका खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "माझा एक पोर गेलाय, वामन्या. त्याची बायको रस्त्यावर आली तर मी त्याला वर जाऊन काय सांगू?"

सरांनी मसुदा लिहायला नकार दिला. ठाण्याच्या दुसऱ्या वकिलाकडे त्यांना पाठवले. साक्षीला काकांचे डॉक्टर आणि इमारतीतले एक शेजारी होते. सर तिथे हजरही राहिले नाहीत. नाव लावायला मात्र ते हो म्हणाले. त्या दिवशी सरांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

वर्षभरात साळवीकाका गेले. दिवसकार्य आटोपल्यावर सरांनी सगळ्यांसमोर मृत्युपत्र वाचून दाखवले. प्रकाश वाईट माणूस नाही. त्याला फ्लॅटपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. तो एवढेच म्हणाला, "बाबांनी मला एकदा सांगायचं तरी होतं." आणि चपला घालून खाली उतरला. मेधा त्याच्यामागे गेली.

पुढच्या आठवड्यात ती ऑफिसात आली. मी उठून जाऊ लागले, पण सरांनी हातानेच बस म्हटले.

मेधा म्हणाली, "बाबा, एक्झिक्युटरला नाही म्हणता येतं ना? प्रकाशने वकिलाला विचारलंय."

"येतं. काम हातात घेण्याआधी नाही म्हणता येतं."

"मग म्हणा ना."

"मी नाही म्हटल्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, मेधा. मग सुजाताला स्वतःला कोर्टात जावं लागेल."

"जाऊ दे की. तिला फ्लॅट हवाय ना?"

"तिला एकटीला तुम्हा दोघांसमोर उभं करू?"

मेधाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आणि मला कुणासमोर उभं केलंत, बाबा? मी घरी जाऊन प्रकाशला काय सांगू? माझ्या वडिलांनीच तुझ्या वडिलांचं घर दुसऱ्याला दिलं, असं सांगू?"

 ती उठून निघून गेली. मीरा रोडला त्यानंतर ती वडिलांना भेटायला आली नाही.

मृत्युपत्र मीरा रोडला झालेले आणि फ्लॅटही इथलाच, त्यामुळे मुंबईतल्यासारखी प्रोबेटची, म्हणजे कोर्टाने मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब करण्याची, सक्ती इथे नव्हती. सोसायटीला पटवून काम झाले असते. पण सर म्हणाले, "मी सोयरा आहे. गुपचूप केलं तर प्रकाशला बोलायला जागा राहणार नाही. त्याला जे म्हणायचं ते न्यायाधीशांसमोर म्हणू दे." स्वतःच्या जावयाला हरकत घेण्याची संधी देण्यासाठी त्यांनी ठाण्याच्या कोर्टात अर्ज केला. प्रकाशने हरकत घेतली. वडील आजारी होते, सुजाताने त्यांचे मन वळवले, असे त्याचे म्हणणे होते. सर स्वतः साक्षीदार होणार असल्याने वकीलपत्र माझ्या नावे दाखल झाले.

खटला चालू होता, तोवर फ्लॅटची जबाबदारी सरांवर होती. पावसाळ्यात गच्ची गळू लागली, तेव्हा सत्तरीकडे झुकलेले आमचे सर कारागिराबरोबर वर उभे राहून डांबर घालून घेत होते. सुजाता खालून ओरडत होती, "काका, तुम्ही कशाला? मी बघते ना!" सर म्हणाले, "निकाल लागेपर्यंत हे घर ना तुझं ना त्याचं. ज्याला मिळेल त्याला कोरडं मिळायला हवं."

सरांच्या उलटतपासणीचा दिवस मी विसरू शकत नाही. प्रकाशचे वकील तरुण होते, सरांना मान देऊनच बोलत होते.

"हरकतदाराची पत्नी आपली कन्या आहे?"

"होय."

"मृत्युपत्र नसतं, तर आपल्या जावयाला निम्मा हिस्सा मिळाला असता?"

"होय."

"मग हे मृत्युपत्र खोटं ठरावं, असं बाप म्हणून आपल्याला वाटत नाही?"

मी हरकत घ्यायला उठले. सरांनी माझ्याकडे पाहिले नाही. कोर्टात मागच्या बाकावर मेधा बसली होती, तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "वाटतं. रोज वाटतं. पण ते खरं आहे."

वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मेधा पदराने तोंड झाकून बाहेर गेली.

डॉक्टर आणि शेजारी यांच्या साक्षी स्वच्छ होत्या. निकाल मृत्युपत्राच्या बाजूने लागला. प्रकाशने अपील केले नाही. त्या दुपारी आम्ही घोडबंदर रोडने बसने परत येत होतो. चेणे गाव आले आणि सर एकदम उठले. "आपण इथे उतरू या." मी काही न विचारता उतरले. पूर्वी रविवारी दोन्ही कुटुंबे इथल्या नदीवर येत असत. सर काठावरच्या एका दगडावर बसले. भांडी घासणाऱ्या एका गावकरी बाईने विचारले, "बाबांना बरा न्हाय काय?" मी म्हटले, "दमलेत." तिने पाण्याचा तांब्या आणून दिला. सरांनी तो हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"इथेच प्रकाश पाण्यात पडला होता," ते म्हणाले. "लहान होता. मीच काढला बाहेर. बाळ्या पलीकडे चूल पेटवत होता, त्याला कळलंसुद्धा नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "बाळ्याने माझ्यावर अन्याय केला, नीलिमा. त्याच्या घरातलं दुःख त्याने माझ्या घरात आणून ठेवलं. आणि मला तरी कुठे नाही म्हणता आलं?" सर रडत होते. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिले.

फ्लॅटचे कागद सुजाताच्या हाती देताना त्यांनी पेढेसुद्धा घेतले नाहीत. ती पाया पडू लागली, तर तिला उठवून म्हणाले, "मी काही दिलं नाही. तुझ्या सासऱ्यांनी दिलं." तिची मुलगी आता कॉलेजात जाते. सुजाता सरांना रोज डबा पोचवते आणि दर रविवारी त्यांचे घर आवरून जाते. तिला कुणी सांगितलेले नाही.

घर आवरायला माणूस लागते, कारण काकू आता नाहीत. निकालानंतर त्या खचत गेल्या. लेकीला भेटायला त्या बोरिवलीला जात, सर जात नसत. शेवटच्या आजारात मेधा हॉस्पिटलात आईजवळ बसून असे. सर आत आले की ती उठून बाहेर व्हरांड्यात जाई. दोघेही आपापली पाळी असल्यासारखे वागत, आणि काकू दोघांकडे पाहत राहत.

काकूंनी आपल्या दागिन्यांचे छोटेसे मृत्युपत्र केले होते. एक्झिक्युटर म्हणून त्यांनी मला नेमले. मी म्हटले, "काकू, सर आहेत की." त्या म्हणाल्या, "यांना नको. एकदा केलं तेवढं पुरे झालं."

म्हणून काकूंच्या पाटल्या आणि मोहनमाळ घेऊन मी मेधाच्या घरी गेले. एक्झिक्युटर म्हणजे काय, हे मी सरांकडून वर्षानुवर्षे ऐकले होते. गेलेल्या आईची वस्तू तिच्या लेकीच्या ओंजळीत ठेवणे म्हणजे काय, हे त्या दिवशी कळले. मेधाने पाटल्या हातात घेतल्या, घातल्या नाहीत. दार लावता लावता तिने विचारले, "बाबांचं पथ्यपाणी कोण बघतं?"

मी म्हटले, "सुजाता."

लावायला घेतलेले दार तिने धरून ठेवले. मग म्हणाली, "त्यांना आमटीत चिंच चालत नाही. कोकम घालायला सांग."

मी ते सुजाताला सांगितले. सरांनाही सांगितले. सर खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

हा लेख लिहिण्याआधी मी सरांची परवानगी मागितली. कोर्टातले सोडून सगळे वगळते, असेही म्हटले. सर म्हणाले, "लिही. नाहीतर लोक मला नुसता मोठा माणूस समजतील. पण मेधाला वाईट ठरवू नकोस. ती नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली, मला तिचं काहीच चुकलेलं दिसत नाही. माझं चुकलं का, ते मला अजून कळलेलं नाही."

मला वाटते, या एका वाक्यात सर जेवढे कळतात, तेवढे माझ्या सगळ्या लेखात कळणार नाहीत. आम्ही ज्युनिअर त्यांच्याकडून कलमे शिकलो, मसुदे शिकलो. दिलेला शब्द पाळल्यावर माणूस सुखी होईलच असे नाही आणि तरी तो पाळायचा असतो, हेही शिकलो. हे शिकवताना त्यांनी जी किंमत मोजली, ती आमच्यापैकी कुणाला मोजता आली असती असे मला वाटत नाही.

सर यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण गाळ्यात रोज येतात. समारंभाचे निमंत्रण बोरिवलीला मी स्वतः देऊन आले आहे. ते प्रकाशने घेतले आणि "बसा ना, चहा घ्या," म्हणाला. मी बसले, चहा घेतला. ते दोघे येतील की नाही, हे लेख छापायला देताना मला ठाऊक नाही.

आपण सारे सरांना निरामय दीर्घायुष्य चिंतायला जमलो आहोत. माझेही तेच मागणे आहे, फक्त कारण थोडे वेगळे आहे. मृत्युपत्र माणसाच्या मागे बोलते आणि दुसऱ्याच्या तोंडून बोलते. सरांना मेधाला जे सांगायचे आहे, ते कुणा एक्झिक्युटरने जाऊन सांगण्यासारखे नाही. ते त्यांनी स्वतः, तिच्यासमोर बसून, आपल्या तोंडाने सांगावे, आणि तिचेही ऐकून घ्यावे. त्याला जितकी वर्षे लागतील, तितकी त्यांना मिळोत.